वीस मिनिटं उशीर : शेफील्डच्या विल्यम क्लेग यांचं प्रकरण

शनिवार, १८ जानेवारी १८७९. लंडनमधलं केनिंग्टन ओव्हल मैदान बर्फाने पांढरं झालेलं. इंग्लंड आणि वेल्स यांचे फुटबॉल संघ पहिल्यांदाच एकमेकांसमोर उभे, पण बघायला आलेली माणसं शे-तीनशेच्या वर नाहीत. हवा इतकी वाईट की तीस-तीस मिनिटांचे दोनच भाग खेळायचं ठरलं. खेळ सुरू झाला तेव्हा इंग्लंडकडून मैदानात दहा माणसं होती. अकराव्याची गाडी शेफील्डहून येताना बर्फात अडकली होती. वीसेक मिनिटं गेल्यावर तो पोचला, मैदानात उतरला आणि उरलेला सामना खेळला. इंग्लंडने तो २-१ असा जिंकला.

त्या अकराव्या माणसाचं नाव विल्यम एडविन क्लेग. वय सव्वीस, धंदा वकिली. गाडी लेट झाली हे खरंच, पण सामन्याच्या दिवशी सकाळी त्याला शेफील्डहून निघावं लागलं ते का, हे जास्त सांगण्यासारखं आहे. आदल्या दिवशी, शुक्रवारी, शेफील्डच्या कोर्टात त्याच्या अशिलाला उभं केलं होतं. हा अशील म्हणजे चार्ल्स पीस, घरफोड्या आणि खुनी, त्या हिवाळ्यात सगळ्या इंग्लंडच्या तोंडी असलेलं नाव. देशाकडून खेळायचंय म्हणून क्लेगने ते काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं नाही. आधी कोर्ट उरकलं, मग गाडी धरली.

पुढे हाच माणूस शेफील्डचा लॉर्ड मेयर झाला, त्याला 'सर' किताब मिळाला आणि १९२६ पर्यंत तो शहराच्या महापालिकेतला नेता होता. खेळाडू राजकारणात गेला की आपण ती गोष्ट एका ठरलेल्या चालीवर वाचतो: मैदानावर नाव झालं, नावावर मतं मिळाली. क्लेगचं प्रकरण या चालीवर बसत नाही, आणि मला ते उलगडून बघावंसं वाटलं ते त्यामुळेच.

गाव आणि घर

शेफील्ड म्हणजे सुऱ्या, कात्र्या, वस्तरे आणि पोलाद. आपल्याकडे जुन्या घरांतल्या फडताळात कधीतरी 'रॉजर्स, शेफील्ड' असा शिक्का असलेला चाकू निघतो, तो याच गावचा. एकोणिसाव्या शतकात इथला बराचसा धंदा छोट्या कारागिरांच्या हातात होता. भाड्याच्या खोलीत स्वतःचं चाक, स्वतःची हत्यारं, आणि कामाचे तास स्वतःच ठरवलेले. असा माणूस मनात आलं तर आठवड्याच्या मध्यावर दुपारी काम थांबवून मैदानावर जाऊ शकतो. शेफील्डच्या एका नामांकित क्लबचं नावच मुळी 'वेनस्डे', म्हणजे बुधवार. सभासदांची अर्धी सुट्टी बुधवारी असायची म्हणून. क्रिकेट क्लब म्हणून तो १८२० मध्ये निघाला आणि हिवाळ्यातही मंडळी एकत्र राहावीत म्हणून १८६७ मध्ये त्यांनी फुटबॉल सुरू केला.

त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, शेफील्ड फुटबॉल क्लब निघाला होता. आज जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो. शेफील्डकरांनी खेळाचे नियमही स्वतःचे केले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनची नियमावली १८६३ ची, शेफील्डची तिच्या पाच वर्षं आधीची. कॉर्नर किक आणि गोलच्या खांबांवरची आडवी पट्टी या गोष्टी रुळल्या त्यात शेफील्डचा मोठा वाटा आहे. १८७७ मध्ये दोन्ही नियमावल्या एक झाल्या. म्हणजे क्लेग भावंडं वाढली तेव्हा या गावात फुटबॉल हा नुसता खेळ राहिला नव्हता. बैठक बोलवायची, ठराव मांडायचा, दुरुस्ती सुचवायची, मतं घ्यायची, इतिवृत्त लिहायचं, हे सगळं त्याला चिकटलेलं होतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा.

विल्यमचा जन्म १८५२ चा. वडील विल्यम जॉन्सन क्लेग हे सॉलिसिटर, उदारमतवादी म्हणजे लिबरल पक्षाचे, दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते, आणि पुढे गावचे मेयर. थोरला भाऊ जॉन चार्ल्स, सगळे त्याला चार्ल्सच म्हणत, दोन वर्षांनी मोठा. दोघेही मुलगे वडिलांच्याच धंद्यात शिरले. रात्री जेवणाच्या टेबलावर काय बोलणं होत असेल याचा अंदाज करायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. कोर्ट, नगरपालिका, दारूची दुकानं, आणि शनिवारी कोणाशी सामना.

दोन टोप्या

चार्ल्स १८७२ च्या नोव्हेंबरात ग्लासगोजवळ झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळला. इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, गोलशून्य बरोबरी. पुढे त्याची तक्रार अशी की संघातल्या दक्षिणेकडच्या साहेबी मंडळींनी त्याला ना चेंडू दिला, ना धड शब्द. उत्तरेकडच्या वकिलाच्या पोराला ईटन आणि ऑक्सफर्डच्या मुलांत बसवलं की असंच व्हायचं. तो इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही.

पुढच्या मार्चमध्ये ओव्हलवर परतीचा सामना झाला आणि त्यात विल्यम होता. इंग्लंडने ४-२ ने जिंकला, आणि इंग्लंडचा हा पहिलावहिला विजय. इंग्लंडकडून खेळलेले हे पहिले सख्खे भाऊ, पण एकत्र एकदाही नाही.

याच सामन्यात इंग्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल विल्यम केनियन-स्लेनी या लष्करी अधिकाऱ्याने केला. हा गृहस्थ जन्मला राजकोटला, १८४७ मध्ये. तेव्हाचं काठेवाड मुंबई सरकारच्या देखरेखीखाली, म्हणजे तसा आपल्याच इलाख्यातला म्हणायचा. हाही पुढे राजकारणात गेला: १८८६ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा खासदार झाला आणि १९०८ मध्ये मरेपर्यंत खासदारच राहिला. एकाच संघातले दोघे, आणि दोघांची राजकारणातली सुरुवात एकाच वर्षातली, कारण क्लेग शेफील्डच्या नगरपालिकेत पोचला तोही १८८६ मध्ये. केनियन-स्लेनीच्या मागे जमीनदारी होती, तो थेट वेस्टमिन्स्टरला गेला. क्लेगच्या मागे गाव होतं, तो गावातच राहिला.

१८७३ नंतर विल्यमला दुसरी संधी मिळायला सहा वर्षं लागली. देशाकडून खेळलेल्या प्रत्येक सामन्याला इंग्रजीत 'कॅप', म्हणजे टोपी, म्हणतात. दुसरी टोपी त्या बर्फातली. तिसरी नाहीच.

दिव्यांखालचा सामना

या दोन टोप्यांपेक्षा शेफील्डला जास्त लक्षात राहिली ती १४ ऑक्टोबर १८७८ ची रात्र. ब्रॅमॉल लेन मैदानाच्या चार कोपऱ्यांना तीस-तीस फुटी लाकडी मनोरे उभारले, त्यांवर विजेचे दिवे चढवले, आणि दोन्ही गोलच्या मागे वाफेच्या इंजिनांवर डायनॅमो फिरवले. घराघरांत विजेचा दिवा यायला अजून अवकाश होता. ज्यांनी आयुष्यात वीज पाहिली नव्हती असे लोक फुटबॉलपेक्षा उजेड बघायलाच आले असणार. तिकीट काढून बारा हजार आत गेले, आणि फुकटे धरून आकडा वीस हजारांच्या घरात सांगितला जातो. लाल संघाचा कर्णधार चार्ल्स क्लेग, निळ्या संघाचा विल्यम क्लेग. धाकट्याने थोरल्याला २-० ने हरवलं.

ही गर्दी आणि ओव्हलवरची तीनेकशे माणसं शेजारी ठेवून बघा. देशाकडून खेळणं ही तेव्हा केवढीशी गोष्ट होती आणि गावात खेळणं केवढी मोठी, ते लगेच कळतं.

या सामन्याच्या चार दिवस आधी, लंडनच्या ब्लॅकहीथ भागात पहाटेच्या अंधारात एका पोलिसाने एका घरफोड्याला पकडलं. चोराने रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या झाडल्या, एक पोलिसाच्या हातात घुसली, तरी रॉबिन्सन नावाच्या त्या शिपायाने त्याला सोडलं नाही. पकडलेल्या माणसाने नाव सांगितलं जॉन वॉर्ड. ते खोटं होतं.

अशील

खरं नाव चार्ल्स पीस, जन्म शेफील्डचाच, १८३२ चा. लहानपणी गिरणीत अपघात होऊन पायाने अधू झालेला, बुटका, चेहऱ्याची ठेवण हवी तशी बदलणारा, आणि व्हायोलिन बऱ्यापैकी वाजवणारा. दिवसा इभ्रतदार, रात्री घरफोडी. लंडनला पेकहॅममध्ये तो 'मिस्टर थॉम्पसन' म्हणून शेजाऱ्यांत मिसळून राहत होता.

शेफील्डला त्याच्यावर जुना आरोप होता. १८७५ च्या सुमाराला डार्नल वस्तीत त्याच्या शेजारी आर्थर डायसन नावाचा इंजिनिअर आणि त्याची बायको कॅथरिन राहत. पीस कॅथरिनच्या मागे लागला. डायसन कुटुंब कंटाळून गावाच्या दुसऱ्या टोकाला, बॅनर क्रॉसला, राहायला गेलं. तिथेही तो पोचला, आणि २९ नोव्हेंबर १८७६ च्या रात्री घराच्या मागच्या गल्लीत त्याने आर्थर डायसनला गोळी घातली. मग दोन वर्षं फरारी. लंडनला सापडल्यावर पोलिसावर गोळीबार केल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली, आणि ओळख पटल्यामुळे खुनाच्या आरोपासाठी शेफील्डला आणायचं ठरलं.

इथे विल्यम क्लेग येतो. तो सॉलिसिटर होता, बॅरिस्टर नव्हे. मुंबईच्या हायकोर्टातही ही विभागणी बरीच वर्षं होती, त्यामुळे जुन्या वकील मंडळींना हे वेगळं सांगायला नको. अशिलाला भेटायचं, कागद जमवायचे, साक्षीदार हुडकायचे आणि खालच्या कोर्टात स्वतः उभं राहायचं काम सॉलिसिटरचं. वरच्या कोर्टात ज्युरीसमोर बोलायचं काम बॅरिस्टरचं. खुनाचा खटला वर पाठवायचा की नाही हे ठरवण्यासाठी आधी दंडाधिकाऱ्यापुढे चौकशी होई. १७ जानेवारीला ती सुरू झाली. खास यासाठी अमेरिकेहून परत आलेल्या कॅथरिन डायसनने साक्ष दिली आणि पुढची तारीख पडली २२ जानेवारीची.

मधल्या शनिवारी क्लेग लंडनला जाऊन खेळून आला.

बुधवारी पहाटे पीसला लंडनहून पुन्हा शेफील्डच्या गाडीत बसवलं. शेफील्ड जवळ आलं तेव्हा, किव्हटन पार्कच्या आसपास, त्याने धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर उडी घेतली. एका वॉर्डरने त्याचा पाय धरून ठेवला. गाडी धावतेय, पीस उलटा लोंबकळतोय, आणि वॉर्डरच्या हातात आहे तो फक्त एक बूट. शेवटी बूट निघाला, पीस रुळांशेजारच्या बर्फात पडला. थोड्या वेळाने तो तिथेच बेशुद्ध सापडला. इकडे कोर्टात गर्दी त्याची वाट बघत बसली होती. चार दिवसांपूर्वी वकिलाची गाडी बर्फाने उशिरा पोचली, आता अशील गाडीतून बर्फात पडल्यामुळे पोचलाच नाही. लोक ही गोष्ट अजून चवीने सांगतात ते यामुळे, आणि मीही त्याला अपवाद नाही.

३० जानेवारीला चौकशी पुन्हा भरली, तीही कोर्टाच्या खोलीत नाही. कैद्याला हलवण्याचा धोका नको म्हणून कोठडीबाहेरच्या बोळात, मेणबत्त्यांच्या उजेडात. बोळात दंडाधिकारी, कारकून, पोलीस, वार्ताहर. खुर्चीत कांबळ्यात गुंडाळलेला, डोक्याला मार लागलेला पीस, मधूनमधून ओरडणारा. आणि क्लेगला उलटतपासणी घ्यायची आहे ती खून झालेल्या माणसाच्या विधवेची.

त्याच्या हातात कागद होते. खुनाच्या जागेजवळ काही चिठ्ठ्या सापडल्या होत्या, बचावाचं म्हणणं असं की त्या कॅथरिनने पीसला लिहिल्या. कॅथरिन म्हणत होती की त्या माझ्या नाहीत. तुम्ही दोघं जत्रेला बरोबर गेला होता ना? बरोबर फोटो काढून घेतला होता ना? दारूच्या गुत्त्यात बरोबर दिसला होता ना? असे प्रश्न. बचावाचा सगळा भर दोनच गोष्टींवर होता: या बाईचं बोलणं पूर्ण भरवशाचं नाही, आणि गोळी सुटण्याआधी दोघा पुरुषांत झोंबाझोंबी झाली होती, म्हणजे ती चुकून सुटली असू शकते.

दारूबंदीवाल्या घरातला, देवभीरू, सत्तावीस वर्षांचाही नसलेला हा वकील एका विधवेला गुत्त्यातल्या भेटींबद्दल विचारतोय, हे चित्र मला सहज पचत नाही. आजही अशा उलटतपासणीवर माणसं चिडतात, आणि चिडावं हेही रास्तच. पण फाशी समोर असलेल्या माणसाच्या वकिलाकडे दुसरं काय होतं? खटला वर पाठवला गेलाच. ४ फेब्रुवारीला लीड्सला फ्रँक लॉकवुड या बॅरिस्टरने बचावाचं भाषण केलं, ज्युरीने दहा-बारा मिनिटांत निकाल दिला, आणि २५ फेब्रुवारीला पीस फासावर गेला.

जाण्यापूर्वी त्याने आणखी एक खून कबूल केला. १८७६ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरजवळ कॉक नावाचा पोलीस मारला गेला होता आणि त्यासाठी विल्यम हॅब्रन या आयरिश तरुणाला फाशीची शिक्षा झाली होती. ती जन्मठेपेवर आली म्हणून तो वाचला. हॅब्रनच्या खटल्याच्या वेळी पीस स्वतः प्रेक्षकांत बसून ऐकत होता, आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने डायसनला मारलं. हॅब्रनला माफी मिळाली आणि आठशे पौंड भरपाई.

या सगळ्यातून क्लेगचं काय झालं? खटला हरला, पण त्याचं नाव घराघरांत पोचलं. पीसच्या बातम्या देशभरची वर्तमानपत्रं रोज रकानेच्या रकाने छापत होती, आणि त्यांत वकिलाचं नाव येत होतं. ओव्हलवर त्याला बघितलं तीनशेंनी. तेव्हा 'प्रसिद्धीच्या जोरावर राजकारणात' असं म्हणायचंच असेल, तर ती प्रसिद्धी फुटबॉलने दिली त्याहून जास्त कोर्टाने दिली. माझं मत मात्र असं की दोन्ही नसतं तरी तो नगरपालिकेत गेलाच असता.

समितीतला माणूस

१८८६ मध्ये विल्यम क्लेग लिबरल पक्षातर्फे नगरसेवक झाले. (इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं.) शेफील्डला १८९३ मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि १८९७ मध्ये मेयरचा लॉर्ड मेयर झाला. तो पहिला मान नॉरफोकच्या ड्यूकला मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात राणी व्हिक्टोरिया नव्या टाउन हॉलच्या उद्घाटनाला आली आणि घोडागाडीतून खाली न उतरताच दरवाजे उघडून गेली. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, क्लेग लॉर्ड मेयर झाले. वडिलांची गादी मुलाकडे आली, असं गावात कोणी म्हटलं असेल तर नवल नाही.

पण लॉर्ड मेयर हे शोभेचं पद, एका वर्षाचं. गळ्यात साखळी, फिती कापणं, पाहुण्यांचं स्वागत. मुंबई-पुण्याच्या महापौराचं जसं असतं तसंच. फरक पुढे आहे. आपल्याकडे कारभाराच्या चाव्या आयुक्ताकडे असतात. इंग्लंडच्या शहरांत तसा सरकारी आयुक्त नव्हताच. पाणी, रस्ते, ट्राम, पोलीस, शाळा हे सगळं नगरसेवकांच्या समित्या चालवत. म्हणजे खरा दबदबा समितीच्या अध्यक्षाचा आणि त्या समित्या कोणी भरायच्या हे ठरवणाऱ्या पक्षनेत्याचा. क्लेग यांनी ही दुसरी खुर्ची धरली आणि सोडली नाही.

त्यात आणखी एक सोय होती, ऑल्डरमन. ऑल्डरमनना मतदार निवडत नसत, नगरसेवकच निवडत, तेही सहा वर्षांसाठी. आपल्याकडच्या स्वीकृत सदस्याची आठवण होते, पण आपल्या स्वीकृताला मत नसतं आणि यांना पूर्ण मत होतं. एकदा ऑल्डरमन झालं की वॉर्डात दारोदार हिंडायची कटकट संपली. क्लेग ऑल्डरमन झाले.

याच काळात शेफील्डने ट्राम स्वतःच्या ताब्यात घेतल्या, १८९६ मध्ये. आणि क्लेग लॉर्ड मेयर असताना, १८९९ च्या सप्टेंबरमध्ये, घोड्यांच्या ट्रामऐवजी पहिली विजेची ट्राम धावली. एकवीस वर्षांपूर्वी ज्यांनी ब्रॅमॉल लेनवर विजेच्या उजेडात भावाला हरवलं होतं, त्यांच्याच वर्षात. हे श्रेय त्यांच्या एकट्याचं म्हणणं चुकीचं होईल, कारण शहराने सेवा स्वतः चालवाव्यात या विचाराची तेव्हा सगळ्या उत्तर इंग्लंडात लाट होती आणि त्यात लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह दोघेही होते. १९०६ मध्ये ते सर विल्यम झाले.

आता तो आधी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. चार्ल्स क्लेग या काळात काय करत होते? १८८२ आणि १८९२ च्या एफए कपच्या, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यांना ते पंच होते, आणि १८९० मध्ये फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष झाले ते मरेपर्यंत, सत्तेचाळीस वर्षं. खेळाडूंनी पैसे घेऊन खेळायला त्यांचा विरोध. पण पैशाच्या खेळाला १८८५ मध्येच मान्यता मिळाली होती, आणि ज्या संघटनेचे ते प्रमुख झाले तिच्यात धंदेवाईक क्लबांचं वजन वर्षागणिक वाढत गेलं. न आवडणाऱ्या गोष्टीची वेसण आपल्या हातात असलेली बरी, असा तो हिशेब होता.

दोघा भावांना मी शेजारी ठेवतो ते यासाठी. एक भाऊ खेळात राहिला, दुसरा राजकारणात गेला, असं लिहिणं सोपं आहे. पण दोघांच्या कामाकडे जवळून बघितलं तर काम एकच: खोलीत बसायचं, विषयपत्रिका पुढे ठेवायची, कोण काय बोलणार हे आधीच ठाऊक असायचं, आणि शेवटी ठराव आपल्याला हवा तसा होईल असं बघायचं. शेफील्डच्या फुटबॉलची सुरुवातच अशा खोल्यांत झाली होती. विल्यम यांच्या हातात एका खोलीऐवजी दुसरी खोली आली, इतकंच. आपल्या गल्लीतल्या व्यायामशाळेचा किंवा कबड्डी मंडळाचा सेक्रेटरी पुढे नगरसेवक होतो, तेव्हा त्याला चढाई किती चांगली जमायची यापेक्षा वर्गणी, परवानगी आणि मंडपवाला सांभाळायला जमत होतं का, हे जास्त उपयोगी पडतं. तसंच काहीसं.

खोलीबाहेरची माणसं

अडचण अशी की त्या खोलीत बसायला मिळणारी माणसं ठरावीक होती. वकील, कारखानदार, दुकानदार. शहराच्या पूर्वेला, अॅटरक्लिफ आणि ब्राइटसाइडच्या पोलाद कारखान्यांभोवती, हजारो कामगार राहत. त्यांचा जुना ओढा लिबरलांकडे होता. तो सुटत चालल्याची खूण १९०९ मध्येच दिसली. अॅटरक्लिफच्या पोटनिवडणुकीत जोसेफ पॉइंटर हे लेबर, म्हणजे मजूर, पक्षाचे खासदार निवडून आले.

महायुद्धानंतर मतदारयादी वाढली, १९१८ च्या कायद्याने बायकाही मोठ्या संख्येने मतदार झाल्या, आणि पाठोपाठ पोलादाच्या धंद्यात मंदी आली. शेफील्डमध्ये बेकारांची संख्या भयंकर वाढली. लेबर पक्ष महापालिकेत दर निवडणुकीला पुढे सरकत होता. १९२० मध्ये शेफील्डच्या लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नगरसेवकांनी त्याला अडवायला एक आघाडी केली, नाव 'सिटिझन्स', म्हणजे नागरिकांची. नेते सर विल्यम क्लेग.

आयुष्यभर ज्या कॉन्झर्व्हेटिव्हांच्या विरोधात उभे राहिले, त्यांच्याच पंगतीला बसायची वेळ आली. यात तत्त्व किती आणि खुर्ची किती, हा प्रश्न कोणीही विचारेल. लेबरवाले अर्थातच म्हणत की दोघांत फरक कधी नव्हताच, आता कबूल केलं एवढंच. मला यात थोडं तथ्य वाटतं. कर कमी ठेवा, खर्चाला लगाम घाला, पक्षीय राजकारण महापालिकेत नको, ही नागरिक आघाडीची भाषा होती. 'राजकारण नको' असं जो म्हणतो त्याच्या हातात बहुतेक वेळा आधीपासून सत्ता असते.

सहा वर्षं ही भिंत टिकली. १९२६ च्या मे महिन्यात सार्वत्रिक संप झाला आणि नोव्हेंबरमध्ये शेफील्डच्या महापालिकेत लेबरला बहुमत मिळालं. इंग्लंडमधलं लेबरच्या ताब्यात गेलेलं हे पहिलं मोठं शहर. अर्नेस्ट रोलिन्सन नेते झाले आणि पुढे १९४१ पर्यंत राहिले. क्लेग तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, महापालिकेत चाळीस वर्षं काढलेले.

पीसचा खटला आणि १९२६ या दोन्ही पराभवांत मला एक साम्य दिसतं, आणि ते क्लेग यांच्या बाजूने मोजावं की विरोधात, याचा निकाल मला लावता येत नाही. दोन्ही वेळा हरणार हे बऱ्यापैकी दिसत असतानाही त्यांनी उपलब्ध कागदांवर, उपलब्ध माणसांवर शेवटपर्यंत काम केलं. वकील असाच असावा लागतो. नेता असाच असावा का, हे निराळं.

ओव्हलवरच्या त्या सामन्याचा तक्ता आज कोणालाही बघता येतो. इंग्लंडच्या बाजूला अकरा नावं आहेत, त्यांत क्लेग, क्लब शेफील्ड आल्बियन. गोल दोन, पैकी एक शेफील्डच्याच थॉमस सॉर्बीचा, जो वेळेवर पोचला होता. पहिली वीस मिनिटं दहाच जण खेळले हे तक्त्यात कुठे लिहिलेलं नाही.

सर विल्यम क्लेग १९३२ च्या ऑगस्टमध्ये वारले. तोवर चार्ल्स यांनाही 'सर' मिळून पाच वर्षं झाली होती. ते आणखी पाच वर्षं फुटबॉल असोसिएशनच्या बैठका चालवत राहिले, सत्त्याऐंशी पूर्ण होईपर्यंत.